शंभर फुटांवरचे दोन झेंडे

प्रिय जनेल हिला वडिलांचे आशीर्वाद (नको असतील तर टपालाने परत पाठवावेत).

तू, केव्हिन आणि लहानगी हॅटी खुशाल असाल असं मानतो. नुसतं मानतोच, कारण मला थेट कुणी काही कळवत नाही. तुझी आई तुला फोन करायला गॅरेजमध्ये जाते आणि मी काही ऐकू येत नसल्याचं सोंग करतो. हॅटीला बघतो तेही आईच्या फोनवर, टेबलाच्या पलीकडून, म्हणजे उलटी. पोर चौदा महिन्यांची झाली आणि आजोबानं तिला अजून सरळ पाहिलेली नाही. माझा गुडघा बरा आहे. (बरा नाही, पण तो विषय आत्ता नको.)

गावात सगळं तसंच आहे, म्हणजे बिघडलेलंच. प्रत्येक अंगणात उमेदवारांच्या पाट्या. लोक आता न्हावीसुद्धा पक्ष बघून निवडतात. मीही माझा न्हावी बदलला. नव्याची मतं उत्तम आहेत, हात कसा आहे ते आईला विचार.

यंदा मतदानाच्या दिवशी मी केंद्रावर कामाला बसलो. आपलं नेहमीचंच, लुथरन चर्चचं तळघर. तिथला नियम असा की प्रत्येक कामाला दोघं लागतात आणि ते दोघं एका पक्षाचे चालत नाहीत. पेटी उचलायची, दोघांनी. कपाट उघडायचं, दोघांनी. पाकिटाला सील लावलं की त्यावर सह्या दोघांच्या. माझ्या वाट्याला डार्लीन प्रुइट आली, शाळेच्या वाचनालयातली निवृत्त बाई, तुझ्या पक्षाची. पहाटे साडेपाचला तिनं मला नमस्कार नाही, काही नाही, माझ्या कोटाकडे बोट दाखवलं. "व्हर्नन, तो बिल्ला काढा." कोटावर पक्षाचा बिल्ला तसाच राहिला होता, आणि केंद्रात प्रचाराची वस्तू चालत नाही. मी मुकाट्यानं काढला. मग तिच्या कानांकडे पाहिलं. "बाई, कानातले काढा." तिच्या पक्षाचं चिन्ह दोन्ही कानांत लोंबत होतं! दोन्ही ऐवज एका पाकिटात घातले, सील केलं, वर दोघांनी सह्या ठोकल्या. (असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पण दोघांनाही एकमेकांचा भरवसा नव्हता.)

केंद्राच्या दारापासून शंभर फुटांवर दोन छोटे झेंडे रोवतात. त्यांच्या आत राजकारणाचा एक शब्द काढायचा नाही. जनेल, चौदा तास मी त्या बाईशेजारी बसलो आणि तो शब्द काढला नाही. मला वाटलं होतं, पोट फुटेल. फुटलं नाही. आम्ही गुडघ्यांवर बोललो, खारींवर बोललो, तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणावर बोललो. तिनं आणलेलं बटाट्याचं सॅलड मी दोनदा घेतलं. बाई चांगली आहे. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण आहे.

संध्याकाळी मतपेट्या जिल्हा कचेरीत पोचवायच्या, त्याही दोघांनी एकाच गाडीतून. तिनं किल्ली फिरवली आणि रेडिओवर कुणीतरी माझ्या पक्षाच्या नावानं बोंबलू लागला. तिनं धडपडत तो बंद केला. मी म्हटलं, "असू दे. माझ्या गाडीतही हेच चालतं, नावं तेवढी बदलतात." ती हसली. मग म्हणाली, "माझा मुलगा तुमच्या बाजूचा आहे. दोन वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाला आला नाही. त्याची खुर्ची मी तशीच मांडते." मी म्हटलं, "आमच्याकडेही एक खुर्ची आहे, मुलीची. ती तुमच्या बाजूची." तेव्हा म्हणते कशी, "मग असं करा, तुमची मुलगी मला द्या, माझा मुलगा तुम्ही घ्या. सणाची टर्की तरी शांतपणे खाऊ."

अगदी बिनचूक सौदा होता. दोन्ही घरांत एकमत झालं असतं. पण माझ्या तोंडून एकदम निघालं, "नको. मला माझीच हवी."

तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलाशी मी तुला म्हणालो होतो की तुझ्यासारख्यांनी देश बुडवला. तू कोट उचललास आणि गेलीस. देशाचं काय व्हायचं ते होवो, तो माझ्याच्यानं बुडतही नाही न् तरतही नाही. घर मात्र त्या दिवशी मी बुडवलं. मला माफ कर.

तुझा,
बाबा

ता. क. मुख्य काम राहिलंच. येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला या. स्वयंपाकघरातल्या टेबलापासून शंभर फूट मोजून मी दोन झेंडे रोवलेत. ते शेजारच्या मर्लच्या फुलझाडांत गेले, पण त्याची हरकत नाही. झेंड्यांच्या आत राजकारण नाही. तुला काही सुनावायचंच असेल तर मी कोट घालून झेंड्यांपलीकडे येईन आणि पूर्ण ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

दुसरा ता. क. आईनं हे पत्र वाचलं. ती म्हणते, तू दोन आठवड्यांपूर्वीच विमानाची तिकिटं काढलीस. मला मुद्दाम सांगितलं नाही, कारण मी आधीपासून वादाचे मुद्दे काढून ठेवले असते. हा माझ्यावर अन्याय आहे.

तिसरा ता. क. मुद्दे काढलेले आहेत. सहा पानं झालीत. ती पाकिटात घालून सील केलीत आणि वर माझी सही आहे. दुसरी सही तुझी लागेल. तोवर ते उघडता येत नाही.