फक्त एक रबरी पट्टा

३ मार्च
गाडी चालता चालता बंद पडली. आवाज नाही, धूर नाही. बोलता बोलता माणसाचा डोळा लागावा तशी. स्टार्टर मारला की इंजिन नुसतं भुर्रकन फिरतं, पकडत नाही. ढकलत घरी आणली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं पाहून सांगितलं, टायमिंग बेल्ट तुटलाय. म्हणजे फक्त एक रबरी पट्टा! जीव भांड्यात पडला.
लेकीचे दिवस भरत आलेत. जावई जहाजावर. तिला हॉस्पिटलात आपल्याच गाडीतून न्यायचं, हे आमचं कधीचं ठरलंय. (मी ठरवलंय.) डॉक्टरांनी बावीस तारीख दिली आहे. वेळच वेळ.

५ मार्च
मेकॅनिक म्हणतो, पळत्या गाडीत बेल्ट तुटला म्हणजे आत व्हॉल्व्ह वाकले असणार, इंजिनचं हेड खोलावं लागेल, महिनाभर गाडी विसरा. मी म्हटलं, आधी स्वतःचं हेड तपासून घे. मनात म्हटलं.
व्हिडिओ पाहिला. एका माणसानं चहा पीत पीत बेल्ट बदलला. नवा बेल्ट आणला. उद्यापासून रोज सकाळी गाडी.
ही म्हणाली, तुम्हाला अजून मिक्सरचं झाकण धड बसवता येत नाही. दुर्लक्ष केलं.

८ मार्च
कव्हर निघालं. एक बोल्ट आत कुठेतरी पडला. आत म्हणजे गाडीतच आहे, तेव्हा हरवला असं म्हणता येणार नाही.
कंबर धरली. उद्या सुट्टी.

११ मार्च
हिनं टॅक्सीवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. माझ्या देखत! लेक म्हणाली, बाबा, टॅक्सीतून गेले तर बाळाला काय कळणार आहे? मला कळेल ना.
संध्याकाळी ती खाली आली. पाय सुजलेत, तरी स्टुलावर बसून टॉर्च धरला. मध्येच म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते हो." मी म्हटलं, भिण्यासारखं काही नाही, बेल्टच्या दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळल्या की झालं. तिनं टॉर्च बॉनेटवर ठेवला आणि वर निघून गेली. चांगला उजेड पडत होता. का गेली कोण जाणे.

१३ मार्च
बेल्ट बसला! खुणाही जुळल्या. जवळजवळ. एखादा दाता इकडेतिकडे, पण रबर आहे, घेईल जमवून.
चावी फिरवली. कट, कट, खाड. बॅटरी उतरली असावी. चार्जिंगला लावली. हिला सांगितलं, नव्वद टक्के काम फत्ते.

१४ मार्च, सकाळ
कळा सुरू झाल्या. डॉक्टरांची तारीख चुकली, माझं नियोजन नव्हे.
पाच मिनिटं द्या म्हटलं. चावी. कट, कट, खाड. परत. परत. देवा, आज एकदाच. पुन्हा काही मागणार नाही.
ही बॅग घेऊन उभी. म्हणाली, "आता पुरे!" टॅक्सी आली. लेक घामानं भिजलेली, खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, "बाबा, चला ना." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी घेऊन आलोच मागोमाग. तिनं हात लवकर सोडला नाही. मीच सोडवला.

दुपार
बेल्ट थोडा ताणला. आता होणारच. फोन वाजतोय, पण हात तेलात आहेत. गाडी सुरू झाली की मीच करीन. म्हणजे बातमी देता येईल.

संध्याकाळ
बसनं गेलो.
मुलगी झाली. दुपारीच. फोन तेच सांगायला होता.
हात पुढे केले तर नर्स ओरडली, आधी ते हात बघा. बेसिनवर साबण संपेपर्यंत धुतले. काळं जात नाही, नखांत बसलंय. मग हात पाठीमागे बांधून नातीला पाहिलं. झोपली होती. नाक लेकीचं आहे. बहुतेक. लांबून नीट दिसत नव्हतं.
लेक म्हणाली, आत नेईपर्यंत मी दाराकडेच बघत होते. मी म्हटलं, बेल्ट सैल होता. ती म्हणाली, "असू दे."
नर्स म्हणते, काळं आपोआप जाईल, फक्त आता तेलात हात घालू नका.
उद्या गाडीला हात लावायचा नाही. निदान सकाळी तरी.