जिभेच्या कडेचा चट्टा

प्रिय धाकटोबा,

आमचं बरं चाललंय असं लिहून सुरुवात करणार होते, पण पेन तिथेच अडलं. बाबांच्या हातांची थरथर आता फार वाढली आहे. शर्टाची बटणं, दाढी, दात घासणं, सगळं मीच करते. ते मुकाट्याने करून घेतात. जीभ साफ करायची वेळ आली की मात्र साहेब होतात. चहाच्या कंपनीत चव पाहण्यात जन्म गेला ना त्यांचा! बेसिनपाशी उभे राहून तांब्याच्या पट्टीने जीभ खरवडायचे, तेव्हा त्या आवाजाने आपण अंथरुणातून उठायचो, आठवतं? आई म्हणायची, "शेजाऱ्यांना वाटेल, घरात कुणीतरी चाललं." त्यावर ते म्हणायचे, "लोक भांडी घासतात, मी माझं भांडं घासतो."

आता ते काम माझ्याकडे आलंय. खुर्चीत बसवते, गळ्याशी टॉवेल लावते, "आ करा" म्हणते. पहिल्यांदा पट्टी फार आत गेली, त्यांना उमासा आला, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता ओरडतील. तर म्हणाले, "मागून पुढे, हलक्या हाताने. भिंतीचा रंग नाही काढायचाय." दोघंही हसलो. ज्या जिभेला लहानपणी आपण टरकून असायचो, ती अशी निमूट समोर आलेली पाहून कसंतरीच होतं रे.

असंच एकदा पट्टी फिरवताना डावीकडे, अगदी कडेला, पांढरट चट्टा दिसला. निघेना. बोट लावलं तर खाली टणक. "दात लागला असेल," म्हणाले. मी ऐकलं नाही, ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तुकडा तपासायला पाठवला, तर कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून पसरलेला नाही, पण वेळ घालवू नका. जवळजवळ अर्धी जीभ काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं मात्र पूर्वीसारखं होणार नाही; सुरुवातीला तर कुणाला काही कळणारही नाही.

मला वाटलं, चव जाणार म्हणून हाय खातील. तसं काहीच नाही. नुसती ऑपरेशनची तारीख मिळाली की पुढे ढकलतात. मी रडले, भांडले, आत्याला आणून बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि चट्टा वाढतोय. रोज सकाळी तो मला दिसतो, मी त्याला टाळून बाजूबाजूने पट्टी फिरवते, चूळ भरायला पाणी देते. आणखी काय आहे माझ्या हातात?

काल शेवटी बोलले. फोन मांडीवर घेऊन बसले होते. "तो उचलत नाही," म्हणाले. "माझं बोलणं त्याला कळतंय तोवर एकदा बोलू दे. मग काय कापायचं ते कापा." तुमच्या दोघांत काय बिनसलं, कोण चुकलं, मी विचारत नाही. आजारपण सांगून तुला बोलवायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती. ती मोडतेय. माझाही फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र. येणं जमलं नाही तर नको येऊस. पण त्यांचा फोन वाजला की उचल रे. बोलू नकोस हवं तर. नुसतं ऐक.

तुझीच,
काही सुचेनासं झालेली ताई