इतर उत्पन्नाचा रकाना

४ जुलै
माझ्या तमाम वक्ते बांधवांनो! परक्या साहेबाच्या निरोप समारंभात तास तास घसा फोडायचा, त्याचे नसलेले गुण शोधून काढायचे, आणि हातात पडलेल्या पाकिटाचाही सरकारने हिशेब मागायचा? किती दिवस सोसणार?

सुरुवात जमली. ऐकायला फक्त ही होती, तीही कपडे वाळत घालत. म्हणाली, "अहो, लेकीला आकडा कळवा आधी."

प्रकरण असं. लेक-जावई तीन खोल्यांचं घर घेताहेत, कर्जात मी सहअर्जदार. तिसरी खोली आम्हा दोघांची. बँक म्हणते, वडिलांची वरकमाई यंदाच्या रिटर्नमध्ये दाखवली तरच धरू. भाषणांची वरकमाई वर्षाला दोन लाख, असं मी गेल्या वर्षी जावयासमोर जेवताना बोललो होतो. मुदत २८ तारीख.

लेकीला तत्त्वाची बाजू समजावली. म्हणाली, "बाबा, तत्त्व नको, आकडा सांगा."

७ जुलै
बेरीज करायला बसलो. वर्षात अकरा भाषणं. पाकिटं जाड होती एवढं नक्की आठवतं. ही म्हणाली, आत कार्यक्रमपत्रिका घडी करून घालतात, म्हणून जाड. हिला सार्वजनिक जीवनाची जाण नाही.
उद्या सकाळी आठला लेकीला फोन. खरा आकडा. आडपडदा नाही.

८ जुलै
आठला रेंज नव्हती. नऊला होती. पण ठरलं होतं आठचं.

१२ जुलै
नव्याने विचार केला. माझ्या तोडीच्या वक्त्याला भाषणामागे वीस हजार द्यायलाच हवेत. अकरा गुणिले वीस. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो, उलट वीस हजार कमीच सांगितले. फक्त वसुली व्हायची आहे. मन हलकं झालं.
भाषणांत मिळालेली टेबलावरची घड्याळं पुसली. अकरा. सगळी बंद. ही म्हणते, पाकिटात निदान सेल तरी घालायचे.

१५ जुलै
करसल्लागाराकडे गेलो. दोन टेबलं, एक पंखा, तोही त्याच्याकडे वळवलेला. प्रामाणिक नागरिकाच्या छळावर चाळीस मिनिटं बोललो. तो मध्ये एकदा शिंकला. शेवटी म्हणाला, "काका, रक्कम?" मी म्हणालो, अंदाजे. तो म्हणाला, अंदाजाचा रकाना फॉर्ममध्ये नाही. पाचशे घेतले.
म्हणजे आज त्याने ऐकलं आणि पैसे मी दिले.

१९ जुलै
जावयाचा फोन. "बाबा, तुमच्या भरवशावर बिल्डरकडे दहा टक्के भरले. आता फक्त तुमचा रिटर्न." मी म्हणालो, निश्चिंत राहा. आवाज उत्तम लागला होता.
जेवलो नाही. मग जेवलो.

२३ जुलै
ऑफिसात आवक-जावक रजिस्टर लिहिलं. आवक चौदा, जावक चौदा. चहा. घरी. काही सुचलं नाही.
उद्या आठला. नक्की.

२४ जुलै
नाही.

२७ जुलै, दुपार
लेक आली. मी उभा राहिलो, घसा साफ केला, "मुली, आयुष्यात काही क्षण असे येतात..." तेवढ्यात हिने बिस्किटांचा डबा आणून टेबलावर ठेवला. आत अकरा पाकिटं. प्रत्येकावर तारीख, रक्कम आणि रिक्षाचं भाडं, हिच्या अक्षरात. लेकीने मोबाइलवर बेरीज केली. नऊ हजार चारशे. जाण्यायेण्याचा खर्च सहा हजार एकशे पन्नास.
मी खाली बसलो.
मग मी हिला विचारलं, आधी का नाही काढलास डबा. म्हणाली, "तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले होते."
लेक गॅलरीत जाऊन नवऱ्याशी बोलली. आत येऊन म्हणाली, भरलेले पैसे धरून बिल्डर दोन खोल्यांचं द्यायला तयार आहे. तेच घेतोय.
तिसऱ्या खोलीचं काय, हे मी विचारलं नाही. हिने डब्याचं झाकण लावलं.

२८ जुलै
सकाळी आठला फोन. लेकीचा. फॉर्म तिने भरला. इतर उत्पन्नाच्या रकान्यात खरा आकडा. त्यावर वेगळा कर पडला शंभर-दोनशे, तो तिनेच भरला. म्हणाली, "बाबा, तुमच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड आलाय, तेवढा वाचा." मी म्हणालो, त्याआधी मला दोन शब्द बोलायचे आहेत. बोललो. कोडची मुदत संपली.
तिने दुसरा मागवला. म्हणाली, "बाबा, फक्त आकडे."
फोन चालूच आहे. हिने चष्मा आणून वहीवर ठेवला.
कोड आला. वही मिट. चष्मा लाव. सहा आकडे वाच.