ब्रेक कमी

२ नोव्हेंबर २०२५

लिटरला चौदा! टाकी दोनदा फुल करून पाहिली, दोन्ही वेळा चौदाच. ही गाडी आम्हाला कायम एकोणीस देत आली आहे. गाडी तीच, रस्ते तेच — कुडाळ स्टेशन, चिपी विमानतळ, तारकर्ली, परत घर. चालवणाराही तोच, माझा नवरा.

क्रिस्टोफरला विचारलं. "समुद्राचो वारो आड येता गो!" आमच्या होमस्टेचे पाहुणे चहा पीत होते, ते हसले. मीही हसले. पण वारा काय या वर्षीच सुटला?

संध्याकाळी सिमित्रीत गेलो. आज मृतांचा दिवस. मॅन्युएल पप्पांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, थडग्यावर फुलं, मेणबत्त्या. पप्पांचा उजवा पाय साखरेने नेला. जन्मभर बस चालवलेला माणूस शेवटी खिडकीशी बसून लोकांच्या गाड्या बघायचा. क्रिस्टोफर प्रार्थनेत इतका बुडाला होता, की मेणबत्तीचं गरम मेण त्याच्या पावलावर ओघळलं तरी हलला नाही. मी मात्र तिथे उभी राहून चौदाचा हिशेब करत होते! स्वतःची लाज वाटली.

९ नोव्हेंबर

आरोंद्याला गेलो होतो. सासूबाई हल्ली तिथे नणंदेकडे असतात. मुद्दाम पुढे बसले — चालवतो कसा ते बघायला.

लग्नाच्या वर्षी याच रस्त्याने मी मांडीवर सोलकढीचा उघडा टोप घेऊन आले होते. थेंब सांडला नव्हता. तेव्हा वाटलं होतं, ज्याच्या हातात गाडी अशी चालते त्याच्याबरोबर आयुष्य बरं जाईल. आज झाकणाचा डबा होता, तरी ड्रेस गुलाबी झाला.

गाडी उडवतो, मग कचकन ब्रेक. पुन्हा उडवतो. ॲक्सिलेटर असा दाबतो, जसं कुणी लाथेने दार उघडावं. इंजिन ओरडत असतं आणि हा शांत! आणि अनवाणी. चप्पल काढून सीटखाली सरकवतो. "पेडल बरा कळता," म्हणे. एकोणीसचे चौदा होणार नाहीत तर काय होईल?

सासूबाईंना थोडं बाजारापर्यंत नेलं. उतरताना म्हणाल्या, "पुता, गाडी चालयतंस काय रेडे हाकतंस? तुझ्या बापाशीच्या गाडयेत माणसां झोपान जायत. तू हाडां मोजूक लावतंस!" मी हसले. तो नाही हसला.

११ नोव्हेंबर

लिहू की नको? लिहिते. इथे नाही तर कुठे लिहायचं!

तो दिवसा पितो की काय?

काल संध्याकाळी कुडाळहून आला तो पायरीवर अडखळला. एक चप्पल अंगणातच गळून पडली होती. दुसऱ्या पायात चप्पल घालून स्वयंपाकघरापर्यंत आला — पत्ताच नाही! मी चप्पल आणून समोर ठेवली तेव्हा खाली बघितलं.

आज विचारलंच.  तो जवळ आला आणि तोंड उघडलं. "घे वास."

चहाचा वास. फक्त चहाचा.

माफी मागितली. "असांदी," म्हणाला आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसला. पंचेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याचं तोंड हुंगणारी बाई झाले मी. आणि खरं सांगायचं तर, माफी मागतानाही मनात होतं — वेलची खाल्ली असेल का?

१४ नोव्हेंबर

शाळेत मोकळ्या तासाला मायलेजवर बरंच वाचून काढलं. आरोप करण्यापेक्षा हे बरं. साधी गोष्ट आहे. पेट्रोल जाळून आपण वेग मिळवतो. ब्रेक मारला की तो वेग फेकून दिला. पुन्हा मिळवायला पुन्हा पेट्रोल. धसमुसळी गाडी हाकणारा माणूस दिवसभर हेच करतो.

जेवताना त्याला सांगितलं. "मास्तरीणबाय, आता घरात पण तास घेतलंस?" पण मी सोडलं नाही. म्हटलं, लांबवर बघ. पुढे वळण दिसलं, गुरं दिसली, की पाय आधीच उचल. गिअरमध्येच राहू दे, गाडी आपोआप मंद होते, तेवढा वेळ इंजिनाला पेट्रोल जवळजवळ लागतच नाही. उतारावर न्यूट्रल करायचं नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या वर जायचं नाही. ब्रेक कमी.

त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे ब्रेक मारूक लागणाच नाय?"

"फार क्वचित."

"परत सांग."

परत सांगितलं. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत होता. इतकं लक्ष देऊन त्याने माझं कधी ऐकलंय? भरून आलं मला.

२८ नोव्हेंबर

सतरा.

७ डिसेंबर

पुन्हा आरोंदा. सोलकढीचा थेंब सांडला नाही!

किती बदलला हा! तिसऱ्या-चौथ्यात गाडी नुसती वाहत असते. मागचे हॉर्न वाजवतात, ओव्हरटेक करताना आत डोकावून बघतात, हा ढिम्म. वळण येण्याच्या कितीतरी आधी पाय उचललेला. डावा हात हँडब्रेकवर टेकवलेला, आरामखुर्चीच्या हातावर ठेवावा तसा. थांबते तीसुद्धा अशी, जशी कुणी मागून हळूच धरली आहे.

फक्त बोलत नाही. पूर्वी वाटेतल्या प्रत्येक घराची कुळकथा सांगायचा. कपाळावर घाम होता. डिसेंबरात! शुगर तपासून घे म्हटलं, तर म्हणाला, "गोळी घेतंय मा रोज?"

९ डिसेंबर

एकवीस!! नवी होती तेव्हाही एवढं दिलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये सांगितल्याशिवाय राहवलं नाही. संचिता म्हणाली, "नवरा शिकतो? कुठल्या विद्यापीठात सोय आहे, मी माझा पाठवते." सगळ्या हसल्या. दिवसभर मी उगाच ताठ चालत होते. हा गर्वच. पण चांगल्या कामाचा गर्व थोडा चालत असावा.

१५ डिसेंबर

पुन्हा चिरा लावायला विसरला! आमच्याकडे खाऱ्या हवेत हँडब्रेक ओढून ठेवला तर धरून बसतो, सुटता सुटत नाही. म्हणून आम्ही तो ओढतच नाही. गाडी गिअरमध्ये आणि चाकामागे जांभ्या दगडाचा चिरा — ही सवय त्यानेच मला लावली. हल्ली चिरा कोपऱ्यातच पडलेला असतो. बोलले नाही. सारखं काय चुका काढायच्या!

२५ डिसेंबर

मिस्सा, नेवऱ्या, माणसं. घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवताना क्रिस्टोफरने ग्लास वर केला. "ब्रेंडासाठी! हिच्यामुळे माझी गाडी चलता आसा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे डोळे ओले होते. वाइन, म्हटलं.

२८ डिसेंबर

 नीट लिहायला हवं, क्रमाने.

क्रिस्टोफरला कालपासून ताप. सकाळी मासळी आणायला मीच गाडी काढली. कित्येक आठवड्यांनी चालवत होते. चर्चजवळच्या उतारावर थांबवली, तर गाडीत चिरा नव्हता. घटकाभरच थांबायचं होतं, म्हणून हँडब्रेक ओढला. वाटलं, दोन्ही हात लागतील. वर्षानुवर्षं न हललेला दांडा तो!

लोण्यासारखा वर आला. शेवटपर्यंत. आणि गाडी धरलीच नाही — हळूहळू पुढे जाऊ लागली. पायाने ब्रेक दाबला, तेव्हा थांबली.

 आम्ही जो कधी ओढत नाही तो झिजला कसा? मग क्रिस्टोफरचा त्या दांड्यावरचा डावा हात डोळ्यांसमोर आला. आरामखुर्चीवर ठेवावा तसा. मागून हळूच धरल्यासारखी थांबणारी गाडी.

मग पावलावरचं मेण आठवलं. मग चप्पल.

आणि "परत सांग."

घरी येऊन विचारलं, "हँडब्रेक सैल कसा झाला रे?"

"खारो वारो गो," म्हणाला आणि भिंतीकडे कुशीवर वळला.

खारा वारा धरून ठेवतो. सैल करत नाही. हे त्यानेच मला शिकवलं.

पण माझं चुकत असेल तर? एकदा या माणसाला मी दारुडा ठरवून बसले आहे. गाडी त्याच्याकडून काढून घेणं म्हणजे त्याला पप्पांच्या खिडकीत नेऊन बसवणं. नुसत्या संशयावर ते करायचं? आणि बरोबर असेल तर? उद्या पुण्याच्या कुटुंबाला कुडाळला सोडायचं आहे. त्यांची मुलगी चार वर्षांची, पुढेच बसायचं म्हणून हट्ट करते. तो म्हणतो, "ताप उतारलो, मीच जातंय."

खात्री करून घ्यायलाच हवी.

२९ डिसेंबर

सकाळी तो पडवीत पाय लांब करून पेपर वाचत होता. अंगणात पाहुणे गाडीत सामान भरत होते. मी केर काढण्याच्या निमित्ताने खाली बसले आणि त्याच्या उजव्या तळपायावर नखाने रेघ ओढली. जोरात. रक्त येईपर्यंत.

त्याने पान उलटलं.

पाहुण्यांना मी सोडून आले. आल्यावर चावी त्याला दिली नाही. त्यानेही मागितली नाही.