तिसऱ्या कथेतले दार

मी, स्पॅनिश भाषेची निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे बाहत्तर, अविवाहित, गुडघे सोडले तर ठणठणीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना करीत आहे. आजवरचे माझे सगळे लेखन धाकट्या बहिणीने टाइप केले. ज्याला काही मिळायचे त्याने या कागदाला हात लावू नये असे वकीलबाईंनी बजावले, म्हणून हे मी स्वतः टाइप केले आहे. चुका माझ्या.

१. दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतील ठेव धाकटीला. आमच्या भावाने त्यावर हक्क सांगू नये. आईच्या आजारपणात धाकटीचे कॉलेज सुटले ते त्याच्याच म्हणण्यावरून. मी तेव्हा शिष्यवृत्तीवर परदेशी होते, आणि मीही गप्प बसले.

२. स्पॅनिशमधल्या आधुनिक लेखिकांची माझी पुस्तके, सुमारे चारशे, विभागाच्या ग्रंथालयाला. अट एवढीच की ती ‘इतर’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात कोंबू नयेत. माजी विभागप्रमुख म्हणत, बायकांनी बायकांविषयी लिहिलेले, त्यात अभ्यास करण्यासारखे काय? त्यांना माझी डुगडुगती खुर्ची पोचती करावी. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती मला बसायला दिली होती.

३. टिपणांची कार्डे, बुटांच्या अकरा खोक्यांत, माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला. ज्यांचे लेखन नवऱ्याच्या नावावर छापले गेले अशा बायकांची कार्डे लाल दोऱ्याने बांधली आहेत. त्यांच्यावर मी वर्गात तावातावाने बोलत असे.

४. आता मुद्द्याचे. माझ्या नावावरचा अनुवादित कथासंग्रह धाकटीचा आहे. आईच्या उशाशी बसून, माझ्या जुन्या क्रमिक पुस्तकांवरून ती ही भाषा शिकली. मी इकडेतिकडे हात फिरवला, मुखपृष्ठावर स्वतःचे नाव घातले, आणि प्रस्तावनेत ‘टंकलेखनाबद्दल’ तिचे आभार मानले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला याची लाज वाटते. माझ्या पश्चात नवी आवृत्ती फक्त तिच्या नावाने काढावी.

हे वाचून वकीलबाई म्हणाल्या, “पश्चात कशाला? त्या शेजारच्याच खोलीत आहेत की.”

५. म्हणून चौथे कलम रद्द. खोडत मात्र नाही, कबुली म्हणून राहू द्यावे. काल प्रकाशकांना फोन केला आणि मग धाकटीला सांगितले. ती भाजी निवडत होती. नावाचे ऐकून तिने मान हलवली आणि म्हणाली, “ते होईल. आधी तिसऱ्या कथेतलं माझं वाक्य परत दे.”

त्या कथेतली बाई कायमची घर सोडते. धाकटीने लिहिले होते, ‘तिने दार उघडेच ठेवले.’ जाताना दार लावणार नाही अशी बाई असते का, असे वाटून मी ते ‘दार लावून घेतले’ असे केले, आणि त्या बंद दारावर सतरा वर्षे व्याख्याने झोडली. काल मूळ पुस्तक काढून पाहिले. दार उघडेच होते.

तेव्हाच का बोलली नाहीस, असे मी विचारले.

“बोलले होते, ताई. तू म्हणालीस, टायपिंगची चूक असेल.”

ती टायपिंगची चूक नव्हती. नव्या आवृत्तीत दार उघडे राहील.

व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी.

सही: प्राध्यापिका

वरील मजकूर बाईंनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला, पाचव्या कलमाशी थोडे थांबून पाणी प्यायल्या, आणि मग सही केली.

साक्षीदार:
१. विभागाच्या ग्रंथपाल
२. खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: महिन्याचा दुसरा गुरुवार, दुपारी बारा