सत्तर मिनिटांची वाट

३ एप्रिल
आले एकदाची कांगिर्साकला. धावपट्टीच्या कडेची ही निळी खोली आता माझी. आत एक रेडिओ, वाऱ्याचा काटा आणि म्हातारी काउनाक. आल्याआल्या तिनं बजावलं, तासिराकचं अंतर कुणी विचारलं तर विमानाची सत्तर मिनिटं सांगायची, तीनशे साठ किलोमीटर बर्फाचं कुणाला काय पडलंय? वर म्हणे, चहा एवढा पाणचट करत जाशील तर विमानं उतरायचीच नाहीत. मला बाई आवडली.
माझी लेक उविलुक इथलीच सून. सध्या तासिराकला आहे. इथे सुईण नाही, त्यामुळे दिवस भरत आले की सगळ्याच बायकांना तिकडे धाडतात. ती बाळ घेऊन उतरेल तेव्हा मी इथे असावं, म्हणून तर ही नोकरी धरली.

७ एप्रिल
आभाळात विमान नाही, आणि रेडिओवर हाक आली. कुणी पुरुष आमच्या बोलीत विचारत होता, अजून किती राहिलं? वैमानिक सगळे दक्षिणेकडचे, त्यांना आमची बोली कुठून येणार? काउनाक म्हणाली, दोन वर्षं ऐकतेय, ज्याचं माणूस आहे त्याला कळेल.

८ एप्रिल
ओळखला. पाउलुसी, माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे आला असताना आजारी पडला. तासिराकच्या दवाखान्यात नेताना विमानातच गेला, चाळिसाव्या मिनिटाला. हेच विचारत गेला म्हणे.
काउनाकनं मला फैलावर घेतलं. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की माणूस घरी येतो, हे तुला मी सांगायचं? चार आयांनी ते नाव मागितलं, तू एकीलाही दिलं नाहीस.
खरंय. उविलुकच्या बाळासाठी राखलं मी. तो माझ्याच घरी यावा, एवढीच हाव. त्यापायी त्याला दोन वर्षं अधांतरी ठेवलं. खूप रडले.

१४ एप्रिल
मुलगी झाली. उविलुकनं फोनवर नाव सांगितलं, पाउलुसी. काउनाक म्हणते, आता नवऱ्याचे लंगोट बदल.

२० एप्रिल
सहा दिवस रेडिओवर त्याची हाक नाही. तो आला. आवाज मात्र आता ऐकू येणार नाही, याचं वाईट वाटतं.

२१ एप्रिल
११.०५ ला विमान निघालं. उविलुक, आणि माझा नवरा, वजन दोन किलो आठशे. काउनाकनं सीलचं मटण शिजत टाकलंय.

११.४० — वैमानिक म्हणतो सगळं ठीक. बाळ शांत झोपलंय.

११.४५ — अजून किती राहिलं?
त्याचाच आवाज. पण नाव दिलंय, तो तिच्यात आहे. तो बाहेर कसा? तो बाहेर असेल तर बाळ —
काउनाक माझ्याकडे बघत नाही.

११.४९ — वैमानिकाला सांगितलं, बाळाला उठवायला सांग. म्हणतो, झोपू दे की, किती वेळानं —

११.५१ — उठव म्हटलं

११.५२ — वैमानिकानं बटण दाबलंय, बोलत नाही. मागे उविलुक ओरड —

११.५३ — तो परत विचारतोय. सांगितलं. बावीस मिनिटं, पाउलुसी. तिचा हात धर, लहान आहे ती, तिला वाट —