हौदाच्या पायरीवरची बादली

मुरबाड,
२८ मे २००३

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

तू शहापूरला हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसतेस. पाईप वळवायचा एल्बो कुठला आणि तीन तोंडांचा टी कुठला हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. म्हणून आज सगळं बारीकसारीक लिहिते आहे, कंटाळू नकोस. फोन करता आला असता, पण आमचा बूथवाला कान देऊन ऐकतो असा मला दाट संशय आहे. गेल्या वेळी मी फोन ठेवल्याबरोबर विचारतो कसा, बहिणीचा आवाज बसलाय का म्हणून. त्याला काय करायचंय माझ्या बहिणीच्या आवाजाशी? तेव्हा पत्रच बरं. पाकीट नीट चिकटवलंय, उघडलेलं दिसलं तर मला कळव.

इथलं अर्धं तुला ठाऊक आहे. होळीपासून आमी राखतो त्या बंगल्यातल्या हौदाचं पाणी उतरत होतं. साहेब त्याला स्विमिंग पूल म्हणतात, आमी आपला हौदच म्हणतो. सकाळी काठोकाठ भरावा आणि दुसऱ्या सकाळी बघावं तर चार बोटं खाली. साहेब आधी म्हणाले, ऊन आहे. मग एका रविवारी ते कुंपणाच्या भिंतीबाहेर फिरायला गेले आणि त्यांना पाड्यावरच्या हिराबाईची केळ दिसली. पाड्यावर बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या, आणि भिंतीच्या खालच्या अंगाला केळ कशी हिरवीगार, घड लागलेली. हिराबाई सगळ्यांना सांगायची, माझ्या हाताला गुण हाय. साहेबांनी केळ बघितली, परत आले, ह्यांना बोलावलं आणि म्हणाले, नरेंद्र, पाण्याला काही पाय फुटत नाहीत. आता सगळी लाईन नवी टाकू, मोटर नवी, फिल्टर नवा. त्यानंतरही पाणी कमी झालं, तर तुम्ही दुसरीकडे बघा. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेच वाईट. चढला असता तर आपणही चार शब्द बोललो असतो.

म्हणजे बघ, नोकरी जाणार, राहायच्या दोन खोल्या जाणार आणि वर पाणीचोर हे नाव कपाळावर घेऊन जाणार. नाव तर आधीच लागलं होतं. तिकडे घरी, किन्हवलीच्या स्टँडवर कोणीतरी बाबांच्या कानात घातलं की तुमचा जावई बंगल्याचं पाणी पाड्यावर विकतो. बाबांनी कसाऱ्याला रेल्वेत जन्म काढला, पण रुळावरचा एक बोल्ट कधी घरी आणला नाही. ते येईनासे झाले. दर बुद्धपौर्णिमेला माझ्याकडची खीर खायला येणारा माणूस, यंदा निरोप पाठवला की गुडघे दुखतात. त्याच गुडघ्यांनी मुरबाडच्या बाजाराला आले होते, मला भाजीवालीने सांगितलं. आणि संशय असा मेला चिवट असतो, की तो माझ्याही घरात शिरला. खोटं कशाला बोलू, मी एकदोनदा ह्यांच्या चपला उलट्या करून बघितल्या, तळाला ओला चिखल आहे का म्हणून. काही नव्हता. पण मी बघत होते ते ह्यांनी बघितलं. त्या दिवसापासून जेवताना माझ्याकडे बघणं बंद झालं. मला फार लागलं ते.

अशात नवी लाईन टाकायला तो आला, धनेश. डोळखांबकडचा, सावळा, उंच, प्लंबिंगचं काम करतो, अशी कामं तिकडच्या बऱ्याच बंगल्यांतून केली म्हणाला. पहिल्याच दिवशी खारीचा पुडा घेऊन आला आणि माझ्या हातात देत म्हणाला, माई, तुमाला आवडते ना. मनात पाल चुकचुकली. इथे मला कोणी माई म्हणत नाही, पाड्यावरचे सगळे वहिनी म्हणतात. आणि खारी मला आवडते हे ह्याला कोणी सांगितलं? मी विचारलं, तर म्हणतो, अंदाजाने आणली. अंदाज काय बटर, टोस्ट, नानकटाई सोडून नेमका खारीवर बसला? मी पुडा फडताळात वर ठेवून दिला. ह्यांना म्हटलं, हा साहेबांचा माणूस आहे, पोटात शिरून काढून घेणार आणि त्यांच्या कानात सांगणार. हे म्हणाले, तुला सगळेच चोर दिसतात. मी म्हटलं, आपल्याला लोक चोर म्हणतात तेव्हा मी निदान उलटून बघायला नको?

त्याचं वागणंही तसंच. आल्या आल्या काम सुरू करायचं सोडून हा नुसता हिंडतोय. पाड्यावर कोण राहतं, विहीर कुठे, केळ कोणाची, भिंत कधी बांधली. मग हौदाच्या आतल्या फरशीवर पाण्याच्या रेघेला पेन्सिलीने खूण केली, एक लाल बादली पाण्याने भरून हौदाच्या पायरीवर ठेवली, तिच्यातही आतून खूण केली आणि मला बजावलं, माई, हिला हात लावू नका. झालं. मला कळून चुकलं की हा सापळा आहे. उंदराला खोबऱ्याचा तुकडा ठेवतात तशी ही बादली ठेवली आहे, आमच्यापैकी कोणाचा हात लागतो ते बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर बादलीतलं पाणी खुणेच्या खाली गेलेलं.  हा येऊन बघणार, साहेबांना सांगणार, ही माणसं बादलीतलंही सोडत नाहीत. मी तांब्याने हळूच खुणेपर्यंत भरून टाकलं. त्यानंतर रोज सकाळी, तो यायच्या आधी, हेच माझं काम.

तो येऊन बघायचा, डोकं खाजवायचा, परत बघायचा. हौद उतरलेला आणि बादली जशीच्या तशी. त्याने मोटर चालू ठेवून बघितलं, बंद ठेवून बघितलं, बादली आपली गच्च. शेवटी मला हाक मारली आणि अगदी हळू विचारलं, माई, मे महिन्याचं ऊन हौदातलं पाणी पितं आणि बादलीतलं पीत नाय, असं कसं? मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाला, तुमी भरता का? मी आधी नाही म्हटलं. मग कोण जाणे काय झालं, तोंडातून निघून गेलं की बाबा रे, इथे थेंब कमी झाला तरी आमचंच नाव येतं, म्हणून भरते. आणि मला रडूच फुटलं, परक्या माणसासमोर.  त्याने बादली रिकामी करून पुन्हा भरली, पुन्हा खूण केली आणि समजावून सांगितलं की बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं उन्हाचं, हौदातलं त्याहून जास्त उतरेल तेवढं गळतीचं. ही तुमच्या बाजूची साक्षीदार हाय माई, तिचं तोंड बंद करू नका. मग दिवसभर तिथेच आंब्याच्या सावलीत बसून राहिला. मी भाकर नेऊन दिली. पण साहेबांना हा हे सांगणार, नरेंद्रची बायको बादली भरत होती असं, याची मला खात्रीच होती. तू म्हणशील काय हा स्वभाव. असू दे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

मोटर चालू असली की पाणी जास्त उतरत होतं. म्हणजे फिल्टरमधून निघून हौदात परत येणाऱ्या पाईपातच गोम, असं तो म्हणाला. त्याने त्या लाईनीची दोन्ही तोंडं बंद करून एक काट्याचं मीटर लावलं, आत हवा भरली आणि काटा बघत बसलो आमी, हे, मी आणि तो. काटा सरळ खाली, म्हणजे हवा कुठूनतरी निसटत होती. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग भिंतीच्या बाजूची फरशी उकरली. कोरड्या ठणठणीत मातीत हातभर गेल्यावर फावडं एकदम पचकन रुतलं. खाली चिखल, आणि चिखलात जुना लोखंडी एल्बो, खालच्या बाजूने गंजून चाळणी झालेला. त्याच्याखाली पाण्याने स्वतःची वाट करून घेतली होती, भिंतीखालून थेट हिराबाईच्या केळीकडे. हे त्या खड्ड्याच्या काठावर मटकन बसले आणि चिखलात हात घालून तसेच राहिले. मी फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पण माझं सुख पुरतं पदरात पडेल तर शपथ. त्या संध्याकाळी धनेशने तो एल्बो, पाईपाच्या तुकड्यासकट, गोणपाटात गुंडाळला आणि एसटीत बसून घेऊन गेला. आमची एकुलती एक साक्ष. मी विचारलं, कुठे नेतोस? म्हणाला, एक काम हाय, साहेब यायच्या आत आणतो. गाडी मुरबाडकडे नाही गेली, शहापूरच्या बाजूला गेली, ते मी फाटकातून बघितलं. भंगारात विकणार, मी ह्यांना म्हटलं. नाहीतर साहेबांनीच त्याला सांगितलं असेल, जुन्या पाईपाचा बोभाटा नको. हे म्हणाले, खड्डा तर आहे ना. मी म्हटलं, खड्डा काय, आपणच खणला म्हणतील. तो आला की मी एक शब्द बोलत नव्हते. तो आपला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाईपांना सोल्युशन लावून जोडत होता, नवा फिल्टर उभा करून त्यात वाळू भरत होता, आणि मला विचारत होता, माई, चहा नाय का आज? मी म्हटलं, दूध फाटलं.

रविवारी साहेब आले. धनेशने गोणपाट आणून त्यांच्या पांढऱ्या टेबलावर तो गंजका तुकडा ठेवला, चिखलासकट. मीटरचं सांगितलं, बादलीचं सांगितलं, केळीचं सांगितलं. मी दाराआड उभी होते. बादली कोण भरत होतं ते मात्र त्याने सांगितलं नाही. साहेबांनी एल्बो फिरवून बघितला आणि म्हणाले, बराच जुना होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, वहिनी, चहा ठेवता का. माफी वगैरे काही नाही, पण एवढ्या वर्षांत त्यांनी मला वहिनी पहिल्यांदा म्हटलं. फिल्टर धुतल्यावरचं मळकं पाणी कुठेतरी सोडायला लागतंच, ते खड्ड्यात निवळून भिंतीबाहेर काढायची परवानगीही धनेशने त्याच चहात मिळवली. हिराबाईच्या हाताचा गुण शाबूत राहिला.

आणि काल बाबा आले, रत्ना. बसमधून उतरून, गुडघा धरत, फाटकापासून चालत. आल्यावर बसले नाहीत. ह्यांना म्हणाले, नरेंद्र, जागा दाखव. हे त्यांना घेऊन गेले. नव्या फरशीपाशी दोघं बराच वेळ उभे होते. परत आल्यावर बाबांनी विचारलं, जेवायला काय आहे? मी आत जाऊन पदर तोंडात धरून रडले, मग पौर्णिमेची राहिलेली खीर केली. जेवताना बाबांनी सांगितलं. एक उंच पोरगा किन्हवलीला घरी आला होता, खांद्यावर गोणपाट घेऊन. ओट्यावर तो गंजका पाईप ठेवला आणि म्हणाला, बाबा, पाणी इथून गेलंय, तुमच्या जावयाच्या हातून नाय. आणि मग म्हणाला, तहान लागलीय, पाणी द्या. आपल्या माठातलं पाणी मागून प्याला, दोन तांबे. ही माठाची गोष्ट बाबांनी मला तीनदा सांगितली.

आता आपण दोघी बोलू. माझ्या बापाचं घर त्याला कोणी दाखवलं? बाबा माझ्याकडे यायचे बंद झालेत, हे मी या अख्ख्या दुनियेत एकटीला सांगितलं होतं, ती तू. माई मला एकटी तू म्हणतेस. खारीचं तुला माहीत. आणि शहापूरच्या बाजूचा प्लंबर फिटिंगं कुठल्या काउंटरवरून नेत असेल, हे कळायला मला काही मीटर लावायला नको. इतके दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली, आणि ठेवायला पाहिजे होती तुझ्यावर. मला रागही आला आणि हसूही. बाबांनी हात धुताना विचारलं, तो पोरगा कोणाचा गो? मी म्हटलं, माहीत नाही, रत्नाला विचारून सांगते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि एवढंच म्हणाले, विचार, त्याच्या आईला आपल्या हातचं पाणी चालतं का. म्हणून हे पत्र. तो आपलं पाणी प्याला ते मी ऐकलं, पण लग्न पोराशी होतं आणि नांदायचं सासूजवळ असतं. तिला तुझं नाव, आपलं घर, आपण कोण, हे सगळं त्याने सांगितलंय का, की तिथे अजून फरशी उकरायचीच आहे? सांगितलं नसेल तर आधी सांगू दे. बाबांचं मी बघते, ते निम्मे आलेच आहेत. आणि धनेशला निरोप दे, त्याची लाल बादली माझ्याकडेच राहिली आहे. रिकामी करून, धुऊन, उपडी ठेवली आहे. न्यायला एकटा आला तर मिळणार नाही. दोघं मिळून या, आणि त्याच्या आईला घेऊन या.

तुझीच,
माई